शेड इकडं, गाडी तिकडं

यवतमाळ जिल्ह्यात फाट्यावरचा प्रवासी निवारा बहुधा बकऱ्यांच्या उपयोगाचा असतो. माणसं निंबाखाली उभी असतात. शेडच्या कपाळावर लोकप्रतिनिधीचं नाव, खाली निधीचं नाव, आत मूळव्याध-भगंदरवाल्या दवाखान्याचं नाव. गावाचंच तेवढं सापडत नाही. आत बसलं की गाडी आपल्याला दिसत नाही आणि ड्रायव्हरला आपण दिसत नाही. त्यात मे महिन्यात पारा 44-45 वर गेला की वरचा टिनपत्रा जी सेवा करतो ती विचारू नका. ड्रायव्हरही शहाणा. तो गाडी निंबाखालीच लावतो. सावली त्यालाही हवीच की.

म्हणून लोकसहभागाची गोष्ट निघाली की मी शेडकडे बघत नाही, निंबाकडे बघतो. तिथं कुणीतरी वडिलांच्या स्मरणार्थ सिमेंटचा बाक टाकलेला असतो. उन्हाळा लागला की रांजण येतो, त्याला ओलं पोतं गुंडाळलेलं, शेजारी दोरीनं बांधलेला स्टीलचा पेला. (दोरी अविश्वासाची नाही, अनुभवाची.) चहाटपरीवाल्याला सगळ्या गाड्या तोंडपाठ.

"घाटंजी गेली काय भाऊ?"

"नाई जी, येतेच हाये. बसा काकाजी."

ही चौकशीची खिडकी जेवणाच्या सुट्टीत बंद होत नाही. एवढं सगळं उभं करताना कुणी समिती नेमली नाही की फीत कापली नाही.

आमच्याकडं गाडी म्हणजे एसटीच. मूर्तिजापूरहून येणारी शकुंतला 1994 पर्यंत वाफेवर धावली, पुढं डिझेलवर, आता थांबलीच. वर्ध्याकडून नवी रेल्वे 2024 च्या फेब्रुवारीत कळंबपर्यंत पोचली. एरवी सोळाही तालुक्यांचा भार लालपरीवर. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास फुकट झाला, मार्च 2023 पासून बायांना अर्धं तिकीट. तिकीट अर्धं झालं, वाट पाहणं मात्र पुरतंच राहिलं.

त्याच 2023 मध्ये महामंडळानं बाळासाहेब ठाकऱ्यांच्या नावानं स्वच्छ, सुंदर बसस्थानक अभियान काढलं. लोकसहभागातून रंगरंगोटी, झाडं, बाग. वर गुण आणि बक्षीस. चांगलंच आहे. अशा वेळी भिंतीवर गाडगेबाबा हमखास येतात, हातात खराटा घेऊन. बाबा शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. त्यांची रीत आधी झाडझूड, मग कीर्तन. आपण कीर्तन आधी उरकतो. चित्राखालचा कोपरा खर्ऱ्याच्या पिचकाऱ्यांनी लाल झालेला असतो आणि बाबांचा खराटा रंगवलेला असल्यामुळं तिथवर पोचत नाही.

बायांना कुणी विचारलं असतं तर त्यांनी बागेआधी संडासाच्या दाराला आतून कडी मागितली असती. आणि पिशवी टांगायला एक खिळा. ओल्या फरशीवर ती ठेवायची कुठं? कडीला पैसे ते किती लागतात! पण म्हणूनच ती राहून जाते. इतक्या लहान कामावर सौजन्याची पाटी मावत नाही.

फाट्याला तर गुण द्यायलाही कुणी येणार नाही. अभियानाच्या नावातच बसस्थानक आहे. त्यामुळं निंबाखालचा कारभार आपला चालू आहे. टपरीच्या फळीवर कुणीतरी खडूनं गाड्यांच्या वेळा लिहून ठेवल्यात आणि खाली बारीक अक्षरात खुलासा: सहाची गाडी साडेसहाला येते, लवकर येऊन भांडू नये.