दोन बोटं

आमच्या गाडीला दर उन्हाळ्यात हळद लागायची. रेडिएटर गळायला लागला की मिस्त्री मला वाण्याकडे पिटाळत, पुडी फोडत आणि वरच्या टाकीत रिकामी करत. हळद फुगते, भोकात जाऊन बसते, गळती थांबते. पण हळदीला भोक कुठलं आणि नळी कुठली, हे कोण सांगणार? तिसऱ्या हळदीनंतर रेडिएटर गळायचा थांबला आणि पाणीही फिरायचं थांबलं. टोपण उघडल्यावर आत जे दिसलं, ते पाहून बायको म्हणाली, "अहो, मीठ घाला. वरण तयार आहे."

गाडी म्हणजे १९६८ची फियाट ११०० डी. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात जन्मली. हीच पुढे पद्मिनी झाली आणि काळापिवळा रंग लावून अख्ख्या मुंबईला फिरवत राहिली. मीही १९६८चाच. २०२१पासून पन्नाशी ओलांडलेल्या गाडीची 'विंटेज' म्हणून नोंद होते. वीस हजार भरले की 'व्हीए' अक्षरांचा नवा नंबर मिळतो. माझ्या पन्नाशीला नवा नंबर फक्त चष्म्याचा मिळाला.

जुना रेडिएटर डाखवाल्याकडे नेला. पितळी टाक्या, तांब्याची जाळी, उचलताना कंबर बोलते असं वजन. त्याने तोंडं बंद केली, हवा भरली आणि हौदात बुडवला. बुडबुडे असे आले, की आजूबाजूची पोरं बघायला जमली. "साहेब," तो हळूच म्हणाला, "ही जाळी नाही राहिली, गाळणी झाली."

मग नवा शोधणं आलं. तो पुन्हा कुर्ल्यातच मिळाला, म्हणजे गाडीच्या माहेरीच. अॅल्युमिनियमचा, चकचकीत, पापडाच्या डब्याइतका हलका. दुकानदाराला विचारलं, "फियाटचाच आहे ना?" तो म्हणाला, "फियाटपेक्षा चांगला आहे. डायरेक्ट बसतो." या 'डायरेक्ट बसतो'वर मी नऊ हजार रुपये मोजले.

मिस्त्रींनी तो जागेवर टेकवून पाहिला, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "दोन बोटं जास्त आहे."

गॅरेजात इंच-सेंटिमीटर चालत नाहीत, बोटं चालतात. आणि ती कुणाची, हे विचारायचं नसतं. मिस्त्रींचं एक बोट म्हणजे राजेळी केळं. रेडिएटरचे कान एकीकडे आणि गाडीची भोकं दुसरीकडे. "थोडंसं कापावं लागेल." गाडीची पट्टी कापली, नवी भोकं पाडली, खाली टायरच्या रबराचा तुकडा दिला. बसला. मग मिस्त्रींनी पंखा हाताने फिरवला. खर्र! जाळी जाड, त्यामुळे ती मागे पंख्याला जाऊन भेटत होती. इथेही दोनच बोटं.

पंखा काढला आणि पुढच्या बाजूने विजेचा लावला. आता माझ्या गाडीला अल्टरनेटर नाही, डायनामो आहे. इंजिन संथ चालू असताना डायनामो वीज देतो ती शेजाऱ्याने विरजण द्यावं तशी. रात्री सिग्नलला थांबलो, पंखा सुरू झाला आणि हेडलाइटांची निरांजनं झाली. म्हणजे थांबल्यावर पंखा हवा, आणि थांबल्यावरच वीज नाही. मिस्त्री म्हणाले, "मग सिग्नलला थांबू नका." ते चेष्टा करत नव्हते.

त्यानंतर टोपण. नव्या रेडिएटरचं टोपण तेरा पौंडांचं. तत्त्व कुकरचंच: दाब वाढला की पाणी १००ला उकळत नाही, ११५च्याही पुढे जातं. छान. पण कुकरला जाड भांडं असतं. इथे होज पाइप जुने, भेगाळलेले. वरचा पाइप शिवाजी पार्कच्या कोपऱ्यावर फुटला तेव्हा बायकोने फक्त विचारलं, "किती शिट्ट्या झाल्या?"

पाइप बदलले, क्लिपा बदलल्या. विंटेज नोंदणीसाठी गाडी मूळ रूपात लागते, असं मला आठवलं. मिस्त्री म्हणाले, "बॉनेट लावल्यावर मूळ रूपातच आहे."

शेवटी परीक्षा बोरघाटाची. जुन्या रस्त्याने खोपोली सोडली आणि माझे आणि बायकोचे डोळे तापमानाच्या काट्यावर. तीस वर्षं या चढावर गाडी शिंग्रोबाच्या आधी उकळायची. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर म्हणून त्याची गोष्ट सांगतात. त्याच्या देवळापाशी नाणं टाकायचं, बॉनेट उघडायचं, गाडी निवेपर्यंत बायकोने आणलेल्या दशम्या खायच्या. मुलीने 'शिंग्रोबा म्हणजे गाडी निवायचा देव' असं शाळेच्या निबंधात लिहिलं होतं.

या खेपेला काटा मधोमध. हललाच नाही. वळणं संपत आली तसा मीच अस्वस्थ झालो.

"थांबू या का?" मी विचारलं.

"कशाला? तापली कुठे आहे?"

तरी थांबलो. नाणं टाकलं. सवयीने बॉनेट उघडलं आणि कमरेवर हात ठेवून गार इंजिनाकडे बघत उभा राहिलो. कपाळावरून घाम गळत होता. तेवढ्यात मागून एक नवी कोरी गाडी थांबली. काच खाली झाली आणि एका मुलाने बाटली पुढे केली. "काका, पाणी हवंय?"

"दे," म्हटलं, आणि तिथेच सगळं पिऊन टाकलं.