नव्वद दिवसांतला मुहूर्त

लग्नाच्या बायकोला लवकरात लवकर अमेरिकेत कसं न्यायचं, असं आमच्या साताऱ्याच्या घरात विचारलंत तर प्रत्येक खोलीत वेगळं उत्तर मिळेल. ओसरीवर दाजी 'के-वन' म्हणतील. स्वयंपाकघरातून ताई म्हणेल, 'आधी अक्षता, मग काय ते.' माडीवर भाची लॅपटॉप मिटून म्हणेल, 'मामा, तूच सांग यांना.' मी सांगायला तोंड उघडतो न उघडतो तोच पुण्याहून आत्याबाईंचा फोन येईल, की त्यांच्या शेजारणीची भाची साध्या टुरिस्ट व्हिसावर गेली आणि तिकडचीच झाली.

भाचीला स्थळ आलं न्यू जर्सीचं. मुलगा तिथेच जन्मलेला, म्हणजे जन्मानं अमेरिकन नागरिक. मराठी छान बोलतो, पण सगळ्यांनाच 'अहो' म्हणतो. आमच्या मोत्यालासुद्धा 'या, बसा' म्हणाला, आणि मोत्या बसलाही. तिथेच दाजींनी होकार देऊन टाकला.

लग्नात मामाचं काम ठरलेलं असतं, अंतरपाटामागे मुलीला घेऊन उभं राहायचं. पण माझा जन्म बँकेत लोकांचे कर्जाचे अर्ज तपासण्यात गेला, त्यामुळे व्हिसाचं खातं आपसूक माझ्या गळ्यात पडलं. वाचायला बसलो तेव्हा एक गोष्ट चटकन ध्यानात आली. घरात सगळे 'लवकर' म्हणत होते, पण कुठपर्यंत लवकर, हे प्रत्येकाचं निराळं होतं. भाचीचं लवकर विमानतळापर्यंत होतं. दाजींचं तिच्या नोकरीच्या परवान्यापर्यंत. जावयांचं हातात हिरवं कार्ड पडेपर्यंत. आणि ताईचं लवकर तर मांडवापर्यंतच. त्यापुढे मुलगी जितकी उशिरा जाईल तितकं तिला बरंच होतं.

दाजींचा के-वन म्हणजे वाग्दत्त वधूचा व्हिसा. लग्नाआधीच मुलानं अर्ज करायचा, व्हिसा मिळाला की मुलीनं जायचं आणि उतरल्यापासून 90 दिवसांच्या आत लग्न करायचं, तेही ज्यानं अर्ज केला त्याच मुलाशी. मुदतवाढ नाही. 'त्याच मुलाशी' ही अट दाजींना फार आवडली. "बघा, सरकारला काळजी आहे," म्हणाले. या नव्वद दिवसांवर अमेरिकेत 2014 पासून टीव्हीवर एक कार्यक्रम चालू आहे म्हणे. आपल्याकडे नव्वद दिवसांत कार्यालयाची तारीखसुद्धा मिळत नाही, त्यावर कार्यक्रम काय काढणार!

के-वनची आणखी एक अट अशी की अर्जाआधीच्या दोन वर्षांत दोघं एकदा तरी समोरासमोर भेटलेले असावेत. आता गंमत ऐका. आईबापांनी लग्न ठरवावं आणि मुहूर्तापर्यंत वधूवरांनी एकमेकांना पाहूच नये अशी कडक, जुनी रूढी असेल, तर ही अट माफ होऊ शकते. तसं त्यांच्या नियमात चक्क लिहिलेलं आहे. मला आमची आजी आठवली. तिनं आजोबांना पहिल्यांदा पाहिलं ते अंतरपाट दूर झाल्यावर, आणि मान खाली होती म्हणून पाहिले ते पायच. ती या सवलतीत चपखल बसली असती. भाचीचं प्रकरण उलटं. पोह्यांच्या कितीतरी आधीपासून व्हिडिओ कॉल चालू होते. पोहे झाले ते आमच्या समाधानासाठी.

पण के-वन अडला तो चातुर्मासावर. व्हिसा कधी हातात पडेल हे कुणी सांगू शकत नाही. समजा पडला आषाढात, आणि मुलगी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी नेवार्कला उतरली. तिथून तुळशीच्या लग्नापर्यंत चार महिने. सरकारचे नव्वद दिवस अश्विनातच संपणार! 2023 सारखा अधिक श्रावण आला तर चातुर्मासच पाच महिन्यांचा. मी हे कागदावर मांडून दाखवलं तेव्हा ताईनं पहिल्यांदा अमेरिकन कायद्यात रस घेतला. "त्यांच्याकडे पंचांग बघत नाहीत का?" तिनं विचारलं. दाजी म्हणाले, काढीव मुहूर्त असतात की. ताई म्हणाली, एकुलत्या एका लेकीचं लग्न मी काढीव मुहूर्तावर लावणार नाही. के-वनचा निम्मा निकाल तिथेच लागला.

उरलेला निम्मा साखरपुड्याच्या फोटोंनी लावला. वाग्दत्त वधूचा व्हिसा म्हणजे लग्न झालेलं नसणं ही पहिली अट. आता आमच्या साखरपुड्याचे फोटो बघा. भाची पैठणीत, जावई फेट्यात, दोघांच्या गळ्यात हार, बोटांत अंगठ्या, समोर गुरुजी, मागे अडीचशे माणसं जेवतायत आणि कोपऱ्यात ताई पदरानं डोळे पुसतेय. याला लग्न नाही म्हणणारा अधिकारी कुठून आणायचा? असे अर्ज खरंच फेटाळले जातात, की तुमचं लग्न झालेलंच दिसतंय. बरं, झालंय म्हणता तर बायकोचा व्हिसा द्या, असं म्हणावं तर ते विचारणार, सर्टिफिकेट कुठंय? दाजींनी तोडगा काढला, की फोटोंमधून फक्त मंगळसूत्र नसलेले निवडू. अहो, पण मंगळसूत्र एकाही फोटोत नव्हतं, तरी हा घोळ!

शिवाय के-वननं मुलगी लवकर पोचते, कार्ड लवकर पोचत नाही. तिथे लग्न झालं की कार्डासाठी नव्यानं अर्ज, नवी फी, नवी रांग. नोकरीचा परवाना येईपर्यंत घरी बसायचं. परत येण्याची परवानगी आधी न घेता मधेच देशाबाहेर पडलं तर तो अर्ज सोडून दिला असं धरतात. "म्हणजे पहिला दिवाळसण?" ताईनं विचारलं. मी मान हलवली. ती आत गेली आणि भांडी जोरात घासू लागली. हिंजवडीत कमावती असलेली मुलगी तिकडे बिनकामाची बसणार हे कळल्यावर दाजींचंही के-वनवरचं प्रेम आटलं.

मधल्या गल्ल्या पटकन सांगतो. के-थ्री नावाचा एक व्हिसा 2000 सालच्या कायद्यानं आला. बायकोच्या मूळ अर्जाला वेळ लागतो, तोवर तिनं तिकडे येऊन थांबावं अशी सोय. हल्ली मूळ अर्जच आधी मंजूर होतो आणि के-थ्रीची फाइल बंद करतात, त्यामुळे तो पुस्तकात आहे आणि आत्याबाईंच्या बोलण्यात आहे. टुरिस्ट व्हिसावर जाऊन तिथेच राहायचं मनात धरायचं आणि विमानतळावर 'फिरायला आलेय' म्हणायचं, हा आत्याबाईंचा दुसरा मार्ग. खोटं बोलून आत शिरल्याचं ठरलं तर दार कायमचं बंद होऊ शकतं. हे आत्याबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, तुम्ही फार घाबरता.

जावयांच्या मित्रानं एक तिसराच उपाय कळवला. युटा राज्यात एक काउंटी आहे, ती 2020 पासून व्हिडिओवरून लग्नं लावते. मुलगा एका खंडात, मुलगी दुसऱ्या. दाजी हरखले, हॉलचा, जेवणाचा, बँडचा, सगळा खर्च वाचला. पण इमिग्रेशनच्या कायद्यात अशा लग्नाला एक शेपूट आहे. वधूवर एका ठिकाणी नसताना लागलेलं लग्न ते तेव्हाच मानतात, जेव्हा दोघं नंतर एकत्र येऊन... पुढचं ताईसमोर कसं सांगावं हे मला सुचेना. "एकत्र राहिले पाहिजेत," मी म्हणालो. "राहतीलच की," ताई म्हणाली. "त्याचा पुरावा द्यावा लागतो," मी म्हणालो. ताई भाजी बघायला उठली. दाजी पेपरात डोकं घालून बराच वेळ एकच पान वाचत होते. युटाचा विषय पुन्हा निघाला नाही.

राहिला राजमार्ग. लग्न करायचं, सर्टिफिकेट घ्यायचं, मुलानं आय-130 नावाचा अर्ज भरायचा. नागरिकाच्या बायकोला वार्षिक कोटा नाही, म्हणून नंबर लागायची वाट बघावी लागत नाही. नवरा नुसता ग्रीन कार्डवाला असेल तर मात्र बायको कोट्याच्या रांगेत, आणि रांग कुठल्या तारखेपर्यंत आली ते दर महिन्याच्या बुलेटिनात बघायचं. आमचे जावई नागरिक, त्यामुळे फक्त कागद सरकण्याची वाट. अर्ज मंजूर झाला की फाइल न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथ गावी जाते, तिथे फी आणि कागद जमा झाले की मुंबईत मुलाखत. सगळं धरून वर्षाच्या वर जातं, पण मुलगी उतरते तीच कायमची रहिवासी म्हणून. दुसऱ्या दिवशी नोकरी, दिवाळीला माहेरी.

या मार्गात मला सगळ्यात आवडलेला कागद म्हणजे नवऱ्याचं हमीपत्र. मिळकत तिकडच्या दारिद्र्यरेषेच्या सव्वापट तरी हवी. 'सव्वा' ऐकून ताई खूश. आकडा शुभ आहे म्हणाली. खरी मजा पुढे. बायको नागरिक होईपर्यंत किंवा तिच्या नावावर तिमाहीच्या हिशेबानं दहा वर्षांचं काम लागेपर्यंत ही हमी चालू राहते. घटस्फोट झाला तरी सुटत नाही. माझ्या बँकेच्या आयुष्यात इतका घट्ट जामीन मी पाहिला नव्हता. दाजींनी वाचून चष्मा काढला. "सप्तपदीत एवढं कुठे लिहून घेतात?" म्हणाले, आणि एक झेरॉक्स स्वतःजवळ ठेवली.

मग लवकर म्हणजे एवढंच उरलं, की लग्नाचं सर्टिफिकेट लवकर मिळवायचं. अक्षता मार्गशीर्षात पडणार होत्या, पण विशेष विवाह कायद्यानं रजिस्टर लग्न ज्येष्ठातच उरकायचं ठरलं. तीस दिवसांची नोटीस लागते. तो महिना जावई इथेच राहिले, रात्री अमेरिकेचं ऑफिस आणि दिवसा सासुरवाडीची जेवणं. तीन साक्षीदारांत एक मी. अंतरपाटाचा मान पुढे होताच, सहीचा आधी मिळाला.

आणि मग घरात उलटं नाटक सुरू झालं. साखरपुड्याला अमेरिकेनं लग्न म्हटलं असतं. रजिस्टर लग्नाला ताई लग्न म्हणेना. भारत सरकारच्या शिक्क्यानं नवरा-बायको झालेल्या या दोघांना सिनेमाला जायचं होतं, तर ताईनं बरोबर चुलतभाऊ पाठवला. भाची वैतागली, "अगं, हे खरं लग्न आहे याचेच पुरावे जमवायचेत आम्हाला!" ताई म्हणाली, "मग त्यालाच फोटो काढायला सांग." त्या अर्जात जोडलेल्या निम्म्या फोटोंच्या कडेला त्या चुलतभावाचा अंगठा आहे.

मुलाखतीची तारीख आली ती पुढच्या वर्षीच्या पितृपक्षातली. पोलिसांचा दाखला झाला, ठरवून दिलेल्या डॉक्टरांची तपासणी झाली, आणि ताई अडून बसली, की पितृपक्षात शुभकार्य नको. दाजींनी त्यात आपलं घोडं दामटलं. त्यांनी कुठूनसं वाचलं होतं, की तिकडे उतरण्याच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर कार्ड दोनच वर्षांचं मिळतं, आणि ते संपायच्या आधीच्या 90 दिवसांत आपलं लग्न अजून टिकून आहे हे पुन्हा दाखवावं लागतं. दोन वर्षं उलटून गेलेली असतील तर कार्ड थेट दहा वर्षांचं. "मग थांबू की आणखी थोडं," दाजी म्हणाले. के-वनपासून ज्यांनी सगळ्यांना पळवलं तेच हे दाजी! भाचीनं दोघांकडे बघितलं आणि माझा हात धरून मला गुरुजींकडे नेलं.

गुरुजींनी कागद चष्म्याजवळ नेला. व्हिसा किती दिवस चालतो, विचारलं. साधारण सहा महिने, मी म्हणालो. "मग मुलाखत पितृपक्षात उरका, ते काही मंगलकार्य नव्हे. प्रस्थान घटस्थापनेनंतर." इतका झटपट निकाल मला या सगळ्या प्रवासात कुणी दिला नव्हता. दक्षिणा ठेवून उठणार, तर गुरुजींनी हात धरून बसवलं. त्यांचा धाकटा ह्यूस्टनला, सूनबाई नाशिकला, लग्न गेल्या माघातलं. लवकरात लवकर कसं जमेल?

"मुलगा नागरिक की कार्डवाला?" मी विचारलं.

"कार्डवाला."

"मग दर महिन्याचं बुलेटिन बघावं लागेल, तारीख कुठपर्यंत आली ते."

गुरुजी सावरून बसले. "कुणाचं निघतं ते? दात्यांचं की रुईकरांचं?"