ऑफिसचा विकी कसा उभारावा

‘सगळी माहिती एका ठिकाणी हवी’ असं साहेब मीटिंगमध्ये म्हणाले आणि तुमची मान चुकून हलली. अभिनंदन. आता तुम्ही विकीचे ॲडमिन. प्रिंटर अडकला की काय करायचं ते फक्त स्टोअरमधल्या काकांना ठाऊक आहे आणि ते येत्या मार्चमध्ये निवृत्त होताहेत, ही खरी अडचण. पण लगेच वही घेऊन काकांशेजारी बसू नका. आधी सॉफ्टवेअर निवडायचं असतं. हे काम कितीही महिने पुरतं आणि तेवढ्या काळात एक ओळ लिहावी लागत नाही.

एक्सेलमध्ये तक्ता करा. मीडियाविकी, डोकूविकी, बुकस्टॅक, विकी डॉट जेएस, एक्सविकी अशी नावं घाला, समोर सुचतील ते गुणदोष. रंग भरा. बिनरंगी तक्ता साहेब उघडत नाहीत.

पहिली पसंती मीडियाविकीला मिळेल, कारण विकिपीडिया त्यावर चालतो आणि आपल्या पस्तीस माणसांच्या ऑफिसला तेवढा भार पेलणारं काहीतरी हवंच. मग साहेब विचारतील, “पगाराचं पान फक्त मलाच दिसेल ना?” नाही दिसणार. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिला विकी सुरू केला तोच कोणीही यावं आणि पान बदलावं अशा बेताने, आणि मीडियाविकी त्याच वळणाचा. अख्खा विकी लॉगिनमागे ठेवता येतो. पण एकेक पान लपवण्यासाठी तो बनवलेलाच नाही, असं त्याच्या अधिकृत माहितीतच सांगितलंय.

मग डोकूविकी. त्याला डेटाबेस लागत नाही, प्रत्येक पान म्हणजे एक साधी टेक्स्ट फाइल. कोणाला काय दिसावं तेही पानागणिक ठरवता येतं. शहाणा माणूस इथेच थांबेल. तुम्ही थांबू नका, मराठी मथळा देऊन बघा. मूळ सेटिंगमध्ये डोकूविकी फाइलीचं नाव टक्क्याच्या खुणांत बदलून ठेवतो. देवनागरीतल्या एका चिन्हाचे तीन बाइट, बाइटमागे तीन अक्षरं, म्हणजे चिन्हामागे नऊ. लिनक्सवर नावाला साधारणपणे २५५ बाइटच मिळतात, तेव्हा सव्वीस-सत्तावीस चिन्हांत खेळ आटोपतो. आणि काना, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त, सगळे वेगळे मोजायचे. ‘प्रिंटर अडकला’ आरामात बसतं. ‘प्रिंटर अडकल्यास करावयाची कार्यवाही’ बसत नाही. सरकारी मराठीवर इतका जालीम उपाय मी दुसरा पाहिलेला नाही. सेटिंग बदलता येते, पण मी बदलणार नाही.

बुकस्टॅकमध्ये शेल्फ, पुस्तक, प्रकरण, पान अशी उतरंड ठरलेली. वायफायचा पासवर्ड कुठल्या पुस्तकात, यावर दोन खाती भांडतील. पुढे चला.

शेवटी तक्ता बाजूला पडतो आणि मीडियाविकीच येतो, कारण साहेबांच्या मुलाने तेवढंच नाव ऐकलेलं असतं. बसवणं सोपं आहे. शेवटी लोकलसेटिंग्ज नावाची फाइल हातात पडते, ती विकीच्या फोल्डरात ठेवायची. ती डाउनलोड्समध्ये पडलेली असताना ‘विकी चालत नाही’ म्हणून गावभर फोन करू नयेत.

मूळ मांडणीत कोणीही, लॉगिनसुद्धा न करता, पान बदलू शकतो. विकी इंटरनेटवर उघडा असेल तर काकांच्या आधी बॉट पोचतात आणि तुमच्या विकीवर कॅसिनोची माहिती झपाट्याने वाढते. कन्फर्मएडिट हे एक्स्टेन्शन घाला. त्यात आपले प्रश्न लिहिता येतात. ‘पावात वडा घातला की काय होतं?’ उत्तरांत वडापाव, वडा पाव, वडा-पाव आणि रोमन लिपीतले सगळे अवतार द्या, नाहीतर बॉटबरोबर अकाउंट्स खातंही बाहेर राहील. साचलेला कचरा ‘न्यूक’ने एकगठ्ठा काढा. एवढं करूनही साहेबांची धास्ती जाणार नाही. तेव्हा वाचणंही लॉगिनमागे टाका.

बॅकअपची थट्टा नको. डेटाबेस, इमेजेस फोल्डर आणि लोकलसेटिंग्ज, या तिन्हींची प्रत दुसऱ्या मशीनवर हवी, आणि त्या प्रतीवरून विकी एकदा उभा करून बघायला हवा. अपडेटसाठी दीर्घ मुदतीची आवृत्ती धरा, ती तीन वर्षं सांभाळली जाते. एक्स्टेन्शनही तिच्याच जोडीचं लागतं. शुक्रवारी संध्याकाळी काहीही करू नका.

आता मजकूर. ‘अलीकडील बदल’ उघडलंत तर सगळीकडे तुमचंच नाव दिसेल: मुख्य पान, चाचणी, चाचणी २. काकांना दुहेरी चौकटी कंस दाखवलेत तर ते म्हणतील, “तू लिही रे, मी सांगतो.” सावध राहा. हो म्हणालात तर एका दुपारीत प्रिंटर, जनरेटर आणि जुन्या फायलींचं कपाट अशी तीन पानं होऊन जातील, आणि हे वहीतही झालं असतं, असं कोणीतरी म्हणेल.

स्वतःचा पासवर्ड विसरलात तर घाबरायचं कारण नाही. सर्व्हरवर ‘चेंजपासवर्ड’ ही स्क्रिप्ट असते. ती कशी चालवायची ते विकीवर ‘ॲडमिनसाठी’ या पानावर सविस्तर दिलं आहे. फक्त आधी लॉगिन करा.