तुम्ही ठेवा, इकडून लावतो

आमच्याकडं गावात नवखं पोरगं दिसलं की नाव नंतर विचारतात. पारावरचा पहिला प्रश्न असतो, "कोनाचा रे तू?" नाव काय, कुणीही कुठलंही सांगेल. घर सांगितलं की मात्र म्हातारी माणसं आजोबांपर्यंत जाऊन खातरजमा करतात.

हीच अक्कल मला पुढं एका मशिनीत भेटली. २००० च्या आसपास लातूरच्या एका कचेरीत संगणक सांभाळायचं काम माझ्याकडं होतं. आमच्या हिशेबाच्या बाई नांदेडच्या. लेकरू लहान, घरी सासूबाई, आणि एसटीनं रोज लातूर-नांदेड करणं माणसाचं काम नव्हे. तेव्हा त्यांनी घरूनच काम करावं असं ठरलं. विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ ला लोकांसाठी इंटरनेट खुलं केलं होतं खरं, पण आम्हाला त्याची गरजच नव्हती. इकडं एक मोडेम, तिकडं एक मोडेम आणि मधे टेलिफोनची तार, एवढ्यावर भागत होतं.

कचेरीत विंडोज एनटी होतं. त्यात प्रत्येक माणसापुढं तीन पर्याय येत: उलटा फोन करायचा नाही, तो सांगेल त्या नंबरावर करायचा, किंवा आधीच लिहून ठेवलेल्या नंबरावरच करायचा. मी तिसरा निवडला. बाईंनी नांदेडहून फोन लावायचा, मशिनीनं पासवर्ड तपासायचा, फोन ठेवून द्यायचा आणि मग स्वतःहून बाईंच्या घरी लावायचा. पासवर्ड कुणी चोरला तरी घंटी नांदेडच्या घरातच वाजणार. शिवाय एसटीडीचं बिल लातूरच्या माथी. हे दुसरं कलम साहेबांच्या ध्यानात पहिलं बिल आल्यावर आलं.

मला यात नवं काहीच वाटलं नाही. शिकवण्यांसाठी लातूरला राहिलेली खेड्यापाड्यांतली पोरं बूथवरच्या मीटरचे लाल आकडे पळताना बघत एका दमात बोलायची, "आई, मी हाय, खोलीमालकाकडं लावा!" आणि खट्. थोरली माणसंही म्हणत, "तुम्ही ठेवा, इकडून लावतो." ज्याच्या खिशाला झेपेल त्यानं बोलण्याचा भार उचलायचा, हा रिवाजच होता. १ मे २००३ पासून मोबाईलवर येणारे फोन फुकट झाले आणि मग तर सगळा महाराष्ट्रच मिस कॉल देऊ लागला. यंत्राला शिकवायला मला दोन दिवस लागले. माणसं शिकूनच आली होती.

अडचण आली ती बाईंच्या सासूबाईंची, म्हणजे आजींची. फोन वाजला की तो उचलायचा हा त्यांचा धर्म. मशिनीनं उलटा फोन लावला की मोडेमच्या आधी आजी रिसीव्हर कानाला लावत. हाक मारणारा मोडेम थोड्या थोड्या वेळानं बारीक 'टूं' करतो आणि समोरच्या मोडेमची वाट बघतो. आजी दोनदा "कोन बोलायलंय?" विचारत आणि मग आत हाक देत, "अगं, कुनीतरी उचक्या द्यायलंय!"

"कचेरीतलं मशीन आहे ते, आई."

"मग आठवन काढायलं आसंल तुझी. जा, बघ."

फोन एव्हाना कटलेला असे. बाई पुन्हा पहिल्यापासून लावत.

शेवटी आजींकडून कबूल करून घेतलं: सूनबाई संगणकापुढं बसली की फोनला हात लावायचा नाही. आजींनी शब्द पाळला. पण एका दुपारी मशिनीनं फोन ठेवला आणि ती उलटा लावणार, एवढ्या फटीत उदगीरच्या मामांचा फोन शिरला. मोडेमनं तो उचलला आणि मामांच्या कानात आपली किंकाळी सोडली. मामांनी दोनदा लावून पाहिलं, तोवर लाइन बिझी.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मामा नांदेडला दारात हजर. पिशवी खाली ठेवायच्या आधीच त्यांनी विचारलं, "काल कोन रडायलं होतं?"