वास्तुकला महाविद्यालय बांधताना : नवशिक्यांसाठी सूचना

काम मिळाल्याबद्दल अभिनंदन! ‘विद्यार्थी एकमेकांकडून शिकले पाहिजेत’ असं विश्वस्तांनी लिहून दिलं असेल. घाबरू नका, सगळेच लिहितात. तळमजल्यावर काचेची एक खोली काढा, रंगीत बीन बॅग टाका, ‘कोलॅबरेशन झोन’ची पाटी लावा आणि किल्ली हाऊसकीपिंगकडे द्या. विषय मिटला.

खरा धोका जिन्याचा. तो अरुंदच ठेवा. ऐसपैस पायऱ्या दिल्या की पोरं बूड टेकतात. पहिल्या वर्षाचा एखादा मांडीवर मॉडेल घेऊन फेव्हिकॉल वाळायची वाट बघत बसतो. वरून उतरणारी सिनियर थबकते, “हा स्लॅब कशावर टेकवलायस रे?” विचारते, आणि दोन लेक्चरांत न कळलेला कॉलम त्याला तिथेच कळतो. याची हजेरी कोण लावणार? शिवाय पायऱ्यांवरच्या गप्पा कार्पेट एरियात धरत नाहीत.

थोरामोठ्यांच्या नादी लागू नका. पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींनी साठच्या दशकात अहमदाबादला, आज ‘सेप्ट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत, आर्किटेक्चर स्कूल बांधलं. उघड्या विटा, काँक्रीट, उत्तरेचा उजेड घेणारे उंच स्टुडिओ, आणि खाली चक्क मोकळी सावली! तिथे वर्ग भरवायचा की चहा प्यायचा, हे ज्याचं त्याने ठरवावं. 2018 साली दोशींना वास्तुकलेतलं प्रित्झकर पारितोषिक मिळालं खरं, पण तुमचं बिल प्रित्झकरवाले पास करणार नाहीत.

साओ पाउलोच्या विलानोव्हा आर्टिगासनी तर कहर केला. त्यांच्या आर्किटेक्चर स्कूलला प्रवेशाचं दारच नाही. मजले रॅम्पनी जोडलेले, वर सगळ्यांना मिळून एकच छप्पर. इमारत 1969 साली खुली झाली आणि त्याच वर्षी लष्करी राजवटीने त्यांना विद्यापीठातून घालवलं. कारण त्यांचं राजकारण होतं, दार नव्हे; तरी तुम्ही दार लावाच.

बिनदाराच्या स्टुडिओत आवाज फार होतो, ही तक्रार मात्र रास्त आहे. ज्युरीत एकीच्या प्लॅनची चिरफाड सुरू झाली की पलीकडचे चौघे गुपचूप आपापल्या शीटवरची तीच चूक खोडतात. म्हणून पार्टिशन छतापर्यंत न्या. सबमिशनच्या आदल्या रात्रीसुद्धा आठ वाजता कुलूप लावा.

एवढं करूनही पोरं कॅन्टीनबाहेरच्या कट्ट्यावर शीट पसरून बसलीच, तर तो कट्टा आपल्या ड्रॉइंगमध्ये नव्हता, असं लेखी कळवा. आणि फी आधी वसूल करा.