हमीपत्राचे पाणी

पिंपरी-चिंचवडला २५ नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी मिळते. ही व्यवस्था तात्पुरती आहे, असे तेव्हा सांगितले गेले होते. सरकारी तात्पुरतेपणाची परंपरा तिने इमानेइतबारे पाळली. याच काळात पुनावळे, रावेत, मोशी, चऱ्होलीकडे टोलेजंग इमारती उठत गेल्या. त्यांच्या परवानग्यांना मात्र दिवसाआडचा नियम कधी लागला नाही. असलेल्या रहिवाशांना रोज पाणी देता येत नसताना पालिका नव्यांना कोणत्या भरवशावर बोलावते, असा प्रश्न एखाद्या भाबड्याला पडेल. जाणकारांना तो पडत नाही, कारण त्यांना हमीपत्र ठाऊक असते.

पालिकेचे पुरेसे पाणी मिळेपर्यंत प्रकल्पाला पाणी मी पुरवीन, असे बिल्डर लिहून देतो आणि पालिका तो कागद फायलीला लावते. या कागदाची थोरवी कळण्यासाठी खरे पाणी आणणे किती अवघड असते ते आठवावे. पवना धरणातून बंद जलवाहिनी टाकण्याच्या योजनेला मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला आणि योजना वर्षानुवर्षे अडकून पडली. हमीपत्राला ना धरण लागते, ना जलवाहिनी. मुद्रांक आणि सही एवढ्यावर ते भरून वाहते. पुढे इमारतीला पूर्णत्वाचा दाखला मिळतो, सोसायटी स्थापन होते, बिल्डर पुढच्या प्रकल्पाच्या भूमिपूजनाला जातो आणि हमी अलगद मेंटेनन्सच्या बिलात उतरते. टँकरचे पैसे भरणारा रहिवासी मालमत्ताकरही भरतो. एकाच पाण्याची किंमत दोनदा वसूल करण्याची ही किमया आशियातली सर्वांत श्रीमंत म्हणून मिरवलेल्या महापालिकेलाच साधावी.

आता कोणी म्हणेल की परवानगी काही डोळे झाकून दिली जात नाही. अगदी खरे आहे. जिन्याची रुंदी मोजतात, पार्किंगची घरे मोजतात, मोठ्या भूखंडावर दहा टक्के मोकळी जागा सोडली की नाही ते पाहतात. फक्त ही सारी छाननी कुंपणाच्या आत चालते. फाटकाबाहेर काय आहे, याच्याशी तिला कर्तव्य नसते. पुनावळ्यात २००८ मध्ये कचरा डेपोचे आरक्षण पडले. त्या आरक्षणाच्या अवतीभोवती पुढे हजारो सदनिकांना रीतसर मंजुरी मिळाली. लोक राहायला आले, डेपोचे नाव ऐकून रस्त्यावर उतरले आणि डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात मंत्र्यांना डेपो रद्द झाल्याची घोषणा करावी लागली. डेपोही पालिकेचा, परवानग्याही पालिकेच्या. दोघांची ओळख तेवढी आंदोलकांनी करून दिली. कचरा कुठे टाकायचा, हा प्रश्न अर्थातच कोणाच्याच फायलीत बसला नाही.

परवानगीची ही तऱ्हा, तर बेकायदा बांधकामाची आणखी वेगळी. चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेत, म्हणजे जिथे बांधकामाला मुळातच मनाई आहे तिथे, ३६ बंगले उभे राहिले. ते पाडण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने दिला, तो सर्वोच्च न्यायालयात टिकला आणि १७ मे २०२५ रोजी बुलडोझर आले. पायापासून छतापर्यंत चढलेले बंगले शेजारून वाहणाऱ्या नदीला दिसले असतील. कारवाईला मात्र दिल्लीहून दृष्टी आणावी लागली. घेणाऱ्यांनीच चौकशी करायला हवी होती, असे यावर सांगितले जाते. करायला हवी होतीच. पण पूररेषा ओळखण्याचे काम गृहकर्ज काढणाऱ्या नोकरदाराचे असेल, तर नगररचना विभागाचे काम नेमके कोणते, हेही एकदा जाहीर व्हावे.

दुसरा आक्षेप असा की कायद्याने हरकतीची सोय ठेवली आहे. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमात ती खरोखर आहे, आणि ती निरुपयोगीही नाही. त्याच मे महिन्यात सुधारित विकास आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध झाले, हरकतींचा पाऊस पडला आणि आळंदीच्या वेशीजवळ मोशीत दाखवलेले कत्तलखान्याचे आरक्षण मुख्यमंत्र्यांनी रद्द करायला लावले. मात्र हरकत नकाशावर जे आहे त्यालाच घेता येते. हिरवा शेती विभाग पिवळा निवासी झाला, तर बोट ठेवता येते. तिथे पाणी नाही, यावर बोट ठेवायला नकाशात जागाच नसते. त्यातून शेवटची जनगणना २०११ ची. तिने मोजलेली सव्वासतरा लाख माणसे हाताशी धरून आजच्या शहराचा अंदाज बांधायचा. चाकणच्या आसपासच्या गावांचे तर याहून सोपे आहे. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा (पीएमआरडीए) प्रारूप आराखडा ऑगस्ट २०२१ मध्ये आला, त्यावर सुमारे ६७ हजार हरकती आल्या आणि २०२५ मध्ये आराखडाच रद्द झाला. इमारती मात्र रद्द होत नाहीत.

सर्वांत वजनदार आक्षेप गरिबाच्या नावाने येतो: परवानग्या रोखल्या तर घरे महागतील, कामगार कुठे जाईल? कामगाराची ही आठवण हृद्य आहे. त्याला रास्त दरात घर मिळावे म्हणून १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले होते. ते २०२१ मध्ये गुंडाळले गेले, तेव्हा हा कळवळा रजेवर असावा. चाकणच्या कारखान्यातला कंत्राटी कामगार कुरुळी-म्हाळुंग्याच्या भाड्याच्या खोलीत राहतो. क्लब हाऊस असलेल्या विसाव्या मजल्यावर नव्हे. शिवाय टँकरचा खर्च हाही घराच्या किमतीचाच भाग आहे, फक्त तो माहितीपत्रकात छापत नाहीत. पालिकेची खरी अडचण हिशेबाची आहे. प्रीमियम आणि विकास शुल्क परवानगीच्या वेळी रोख जमा होते; पाणी, रस्ते, सांडपाणी यांचा खर्च नंतर येतो. त्यामुळे प्रत्येक इमारत मंजुरीच्या दिवशी नफ्यात दिसते.

उपाय साधा आहे. या भागात माणशी १३५ लिटर पाणी अमुक तारखेपासून मिळेल, असे पाणीपुरवठा विभागाने सही करून सांगावे, आणि जितक्या घरांपुरते ते पाणी असेल तितक्याच घरांच्या बांधकामाला टप्प्याटप्प्याने परवानगी द्यावी. हमी द्यायचीच असेल तर ज्याच्याकडे धरणाचा कोटा आहे त्याने द्यावी. एवढे जमत नसेल, तर आराखड्यात निवासी विभागाशेजारी टँकरचे मार्ग तरी अधिकृतपणे आरक्षित करावेत. त्यांच्यासाठी भूसंपादन करावे लागणार नाही आणि वीस वर्षे वाटही पाहावी लागणार नाही. शंभर टक्के अंमलबजावणी झालेले शहरातले ते पहिले आरक्षण ठरेल.