बिनडागाचा खेळ

आमच्या खामगावात ‘डाग’ हा शब्द जपून वापरावा लागतो. चांदीच्या बाजारात डाग म्हणजे दागिना, धोब्याकडे डाग म्हणजे भांडणाचं निमित्त, आणि गळक्या घागरीला डाग दिला की ती पुन्हा पाण्याला जाते. यातल्या तिसऱ्या डागावर माझं थोडं प्रभुत्व आहे, असा माझा समज होता. कॉलेजात असताना २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न घेऊन मी नात्यातले अर्धे रेडिओ दुरुस्त केले. उरलेले अर्धे माझ्यामुळेच कायमचे गप्प झाले, पण ते बोलू शकत नसल्यानं माझा लौकिक टिकला.

त्यामुळे यंदाच्या उन्हाळ्यात आठवीतला पुतण्या “हातात धरून खेळायचा गेम घरीच बनवतो” म्हणाला, तेव्हा मी लगेच माळ्यावर चढलो. आयर्न, कथील-शिशाची तार, राळेची डबी असा सगळा सरंजाम घेऊन घामाघूम खाली आलो.

“काका, ठेवून द्या थे,” तो मान वर न करता म्हणाला. “याच्यात डाग नाई द्या लागत.”

एखाद्या आचाऱ्याला ‘आज उपास आहे’ म्हणून सांगावं, तसं माझं झालं.

त्याच्यासमोर भोकांची एक पांढरी पाटी होती. तिला ब्रेडबोर्ड म्हणतात. पूर्वी हौशी लोक घरातल्या पाव कापायच्या लाकडी फळीवर खिळे ठोकून रेडिओचे भाग जोडायचे, त्यावरून हे नाव पडलं. (हा छंद आपल्याकडे जन्मला असता तर पोळपाटावर जन्मला असता, आणि पहिल्याच दिवशी लाटण्यानं संपला असता.) आताच्या पाटीत एका ओळीतली पाच भोकं आतून एकाच चिमट्यानं धरलेली असतात. कोणत्याही भोकात तार खोचा, बाकीच्या चौघांना खबर पोचते, अगदी भावकीसारखं. मधली नाली ओलांडली की मात्र कोणी कोणाचं नाही. चुकलं तर तार उपटायची आणि दुसरीकडे खोचायची. माझ्या काळी चूक उपटताना सर्किटचं कातडंही सोबत यायचं.

मेंदू म्हणून आर्डुइनो उनो नावाचं निळं कार्ड. ते मी उलटून पाहिलं, तर मागच्या बाजूला ओळीनं डाग चमकत होते. म्हणजे बिनडागाचं काम म्हणजे दुसऱ्या कोणीतरी आधीच डाग देऊन ठेवलेलं काम. मला जरा बरं वाटलं. पडदा दोन बोटांएवढा, १२८ आडवे आणि ६४ उभे ठिपके. या मेंदूची चालती आठवण सगळी मिळून २०४८ बाइट, आणि पडद्यावरचं एक चित्र धरून ठेवायला त्यातले १०२४ लागतात. अर्धी अक्कल नुसता चेहरा नीट ठेवण्यात खर्च! आमच्याकडच्या लग्नांत याहून वेगळं काय होतं?

बटणांचा हिशेब त्याहून मजेशीर. बटणाला हात लावला नाही तर कार्ड ‘एक’ वाचतं, दाबलं की ‘शून्य’. त्याला काही कारण आहे. एरवी वायर वाऱ्यावर राहते आणि कार्ड मनाला येईल ते वाचतं, म्हणून तिला आतून पाच व्होल्टकडे ओढून धरतात. पुतण्यानं हे मला दोनदा समजावलं. मी दोन्ही वेळा मान हलवली.

खरी पंचाईत विजेची झाली. पॉवर बँक लावली की गेम अर्धा मिनिट चालायचा आणि बंद. चोवीस तास डोकं खाजवल्यावर कळलं, की हा बिचारा इतका कमी करंट घेतो की पॉवर बँकेला वाटतं, पंगतीत कोणी बसलेलंच नाही. मग ती आपली भांडी आवरून घेते. कमी जेवतो म्हणून पाहुण्याला उठवायचं, हे वऱ्हाडात कोणी ऐकलंय? शेवटी त्याच्याशेजारी माझा मोबाइल चार्जिंगला बसवला, तेव्हा कुठे पंगत चालू राहिली.

निन्टेंडोच्या गुनपेई योकोईंना हा कमी खाणारा गडी आवडला असता. जुनं, स्वस्त, मुरलेलं तंत्र घ्यायचं आणि त्याचा भलताच उपयोग करायचा, ही त्यांची रीत. १९८९ च्या गेमबॉयला त्यांनी रंग दिलाच नाही. १६० गुणिले १४४ ठिपके, चार छटा, चार पेन्सिल सेल. त्याच वर्षी आलेल्या रंगीत पडद्याच्या अटारी लिंक्सला सहा सेल लागायचे आणि तेही भराभर संपायचे. जग बिनरंगाच्या डब्यावर खेळत बसलं. आमच्या योकोईंनी सगळं सामान शेगावच्या कचोरीच्या पुठ्ठ्याच्या डब्यात बसवलं. बिनडागाच्या यंत्राला तेलाचा डाग तेवढा मिळाला.

गेमचं नाव ‘लोणार’. वरून उल्का पडतात, खालच्या माणसानं डावी-उजवीकडे पळायचं. आईनं चष्मा लावून पाहिलं. “दगड कायचा रे? तिथं तर इष्णूनं लवणासुराले मारलं.” तिला बेसॉल्टमधलं विवर, उल्कापात वगैरे सांगून झालं. ऐकून घेऊन ती म्हणाली, “बरं. पन वरतून कोनीतरी आलंच ना?” यावर आमच्या दोघांकडे उत्तर नव्हतं.

आणि ऐन वेळी पडदा विझला. पाहतो तर पडद्याच्या चार पिना नुसत्याच भोकांत बसवलेल्या. त्या पाकिटात सुट्या आल्या होत्या, त्यांना कोणी डाग दिलाच नव्हता. पुतण्या माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला, “काका, थे तुमचं गरम होते का अजून?”

मी इतक्या वेगानं माळ्यावर गेल्या कित्येक वर्षांत चढलो नव्हतो. आयर्न लावलं, राळेचा वास सुटला, टोकावर कथील नुकतं चमकायला लागलं, आणि लाइन गेली.

अंधारात पॉवर बँकेचे दिवे तेवढे लुकलुकत होते. पुतण्यानं पडदा माझ्या हातात दिला आणि अंगठ्यानं जरा तिरपा दाबून धरायला सांगितलं. तिरपा दाबला की पिना कडेला टेकतात. टेकल्या. उल्का पुन्हा पडायला लागल्या. कचोरीचा डबा आईच्या मांडीवर गेला आणि तिची बोटं बटणांवर. दहा झाले, वीस झाले. अंगठ्याला मुंग्या आल्या, मी किंचित पाय मोकळा केला.

“हलू नको रे,” आई म्हणाली, “चाळीस झाले माह्ये.”